बर्फ आहे तोवर

१३ फेब्रुवारी १९२१, रविवार. मॉस्को.

अराज्यवादी विचारवंत पीटर क्रोपोटकिनची अंत्ययात्रा निघते. ८ तारखेला दिमित्रोव्ह गावी, वयाच्या ७८ व्या वर्षी तो गेला. कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे काळे झेंडे घेऊन चालतात. तुरुंगातल्या अराज्यवाद्यांना अंत्यविधीपुरते सोडा, अशी मागणी होती. सरकारने सात जणांना एका दिवसासाठी सोडले, तेही परत येण्याच्या शब्दावर. रात्री सातही जण परत तुरुंगात हजर झाले.

क्रोपोटकिनने लेनिनला दोन गोष्टी लिहून कळवल्या होत्या. ४ मार्च १९२० च्या पत्रात लिहिले होते की सत्ता सोव्हिएतांची, म्हणजे कामगार-सैनिकांनी निवडलेल्या मंडळांची, राहिलेली नाही, कम्युनिस्ट पक्षाच्या समित्यांची झाली आहे, आणि हे असेच चालले तर ‘समाजवाद’ हीच एक शिवी होईल. दुसरे पत्र डिसेंबर १९२० चे. त्यात ओलीस धरण्याच्या सरकारी प्रथेला विरोध होता. पुढच्या पाच आठवड्यांत या दोन्ही पत्रांतला मजकूर कामाला येणार होता.

२४ फेब्रुवारी, गुरुवार. पेत्रोग्राड.

महिन्याभरापूर्वी, २२ जानेवारीला, शहराचे पावाचे रेशन एक तृतीयांशाने कापले गेले आहे. इंधन नाही म्हणून ६० हून अधिक मोठे कारखाने बंद आहेत. खेड्यात जाऊन बटाटे आणावेत, तर वाटेवर नाक्यांवरची सशस्त्र पथके पोते काढून घेतात. त्रुबोच्नी कारखान्याचे कामगार संपावर जातात. वासिल्येव्हस्की बेटावर सुमारे २,००० माणसे जमतात. लष्करी शाळेचे छात्र हवेत गोळ्या झाडतात. कोणी मरत नाही.

पेत्रोग्राडचा कम्युनिस्ट प्रमुख ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह शहरासाठी संरक्षण समिती नेमतो. रात्री ११ नंतर रस्त्यावर यायला बंदी होते. संपवाल्यांचे रेशन थांबते. दोन दिवसांत लष्करी कायदा लागू होतो. काही जादा धान्यही वाटले जाते. संप ओसरायला लागतो, पण त्याची बातमी बर्फावरून पुढे पोचलेली असते.

२६ फेब्रुवारी, शनिवार. क्रोनश्टाट.

पेत्रोग्राडच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर, फिनलंडच्या आखातात, कोटलिन नावाचे चिंचोळे बेट आहे. त्यावर बाल्टिक आरमाराचा तळ आणि क्रोनश्टाट गाव. वस्ती सुमारे ५०,०००, त्यात निम्मे खलाशी आणि सैनिक. दक्षिणेचा किनारा, ओरानिएनबाउम, आठ किलोमीटरवर. हिवाळ्यात आखात गोठते आणि माणूस, घोडा, तोफ, काहीही चालत बेटावर जाऊ शकते. मार्च सरता सरता बर्फ फुटू लागतो. एकदा पाणी मोकळे झाले की या किल्ल्यावर पायदळ चालून येऊ शकत नाही. उलट त्याच्या युद्धनौका हव्या तिथे जाऊ शकतात. हे हिशेब बेटावरच्या आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होते.

पेत्रोपाव्लोव्स्क आणि सेवास्तोपोल या दोन युद्धनौकांचे खलाशी बैठक घेतात आणि संपाचे खरे काय ते बघायला शिष्टमंडळ पेत्रोग्राडला पाठवतात. सैनिकांनी वेढलेले कारखाने पाहून ते परत येतात.

२८ फेब्रुवारी, सोमवार. पेत्रोपाव्लोव्स्क नौका.

शिष्टमंडळाचा वृत्तांत ऐकून ठराव होतो. त्यात १५ कलमे आहेत. सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका, गुप्त मतदानाने. कामगार, शेतकरी, अराज्यवादी आणि डाव्या समाजवादी पक्षांना भाषण आणि छपाईचे स्वातंत्र्य. समाजवादी पक्षांच्या राजकीय कैद्यांची सुटका. वाटेवरची जप्तीपथके बंद. सर्वांना समान रेशन. मजूर न लावणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा आणि गुरांचा पूर्ण हक्क. झार परत आणा, भांडवलदार परत आणा, संविधान सभा बोलवा, यातले एकही कलम नाही.

हे खलाशी अराज्यवादी होते असे सरसकट म्हणणे चूक आहे. त्यांचा म्होरक्या स्तेपान पेत्रिचेंको हा युक्रेनच्या शेतकरी घरातला, नौकेवरचा वरिष्ठ कारकून. पण क्रांती म्हणजे निवडून दिलेली आणि हवी तेव्हा परत बोलावता येणारी माणसे, ही त्यांची समजूत १९१७ ची होती. तेव्हा बोल्शेविकांनीच, म्हणजे आताच्या कम्युनिस्टांनीच, ती उचलून धरली होती.

१ मार्च, मंगळवार. याकोर्नाया चौक, क्रोनश्टाट.

चौकात १५,००० च्या आसपास माणसे जमतात. राष्ट्राध्यक्षाच्या दर्जाचा मिखाइल कालिनिन बायकोसह येतो. त्याचे स्वागत बँड, झेंडे आणि मानवंदनेने होते. अजून कोणी कोणाचा शत्रू नाही. कालिनिन बोलायला उभा राहतो आणि त्याला ओरडून खाली बसवले जाते. आरमाराचा राजकीय प्रमुख निकोलाय कुझमिन शिस्तीची आणि शिक्षेची भाषा करतो. त्याचीही तीच गत होते. ठराव जवळजवळ एकमताने मंजूर होतो. विरोधी मते कालिनिन, कुझमिन आणि स्थानिक सोव्हिएतचा अध्यक्ष वासिल्येव्ह यांची.

संध्याकाळी कालिनिनला बर्फावरून परत जाऊ दिले जाते. त्याला अडवून ठेवा, असे म्हणणारे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. दुसरीकडे ठराव समजावून सांगायला ३० जणांचे शिष्टमंडळ पेत्रोग्राडला जाते. पोचताच ते अटकेत पडते.

२ मार्च, बुधवार. दुपार. शिक्षणभवन, क्रोनश्टाट.

सुमारे ३०० प्रतिनिधी नव्या निवडणुकांची तयारी करायला जमले आहेत. कुझमिन भाषणात सांगतो की कम्युनिस्ट लढल्याशिवाय सत्ता सोडणार नाहीत. प्रतिनिधी त्याला, वासिल्येव्हला आणि आणखी एकाला अटक करतात. सभेतल्या बाकी कम्युनिस्टांनाही पकडा, ही सूचना फेटाळली जाते.

एवढ्यात कोणीतरी ओरडते की सशस्त्र कम्युनिस्टांचे १५ ट्रक सभेवर चालून येत आहेत. बातमी खोटी होती. ट्रक नव्हते. पण पुढच्या काही मिनिटांत घाईघाईने पाच जणांची तात्पुरती क्रांतिकारी समिती ठरते आणि निवडणुकीच्या तयारीसाठी बोलावलेल्या सभेचे बंड होते.

रात्री ९. बहुतेक किल्ले आणि तुकड्या समितीच्या बाजूने आहेत. एकही गोळी झाडली गेलेली नाही.

त्याच दिवशी मॉस्कोत लेनिन आणि युद्धमंत्री ट्रॉट्स्की यांच्या सहीचे फर्मान निघते. त्यात हे जुना झारशाही सेनापती कोझलोव्हस्की याचे कारस्थान आहे आणि मागे फ्रेंच हेरखाते आहे, असे म्हटले आहे. कोझलोव्हस्की खरोखर बेटावर होता. तोफखान्याचा तज्ज्ञ म्हणून बोल्शेविकांनीच त्याला तिथे नेमले होते. शिवाय फेब्रुवारीच्या मध्यातच पॅरिसच्या वृत्तपत्रांनी क्रोनश्टाटमध्ये बंड झाल्याची बातमी छापली होती, म्हणजे घडण्याच्या दोन आठवडे आधी. एका भाकड बातमीचा सरकारला पुरावा म्हणून एवढा उपयोग क्वचितच झाला असेल.

३ मार्च, गुरुवार. मध्यरात्रीच्या आसपास.

ओरानिएनबाउमच्या नौदल विमानतळावरचे सैनिक आम्ही तुमच्याबरोबर आहोत असे कळवतात. क्रोनश्टाट सुमारे २५० माणसे बर्फावरून पाठवते. किनाऱ्यावरून मशीनगन चालतात. माणसे परत फिरतात.

पहाटे ५. छात्रांना घेऊन चिलखती आगगाडी ओरानिएनबाउमला पोचते. विमानतळाच्या बराकींना वेढा पडतो. ४५ जणांना गोळ्या घातल्या जातात.

दिवसा. समितीच्या मुख्यालयात, म्हणजे पेत्रोपाव्लोव्स्कवर, कोझलोव्हस्की आणि इतर लष्करी अधिकारी सल्ला देतात. ओरानिएनबाउमवर आताच हल्ला करा, सरकारची जमवाजमव व्हायच्या आत. तोफांनी बेटाभोवतीचा बर्फ फोडा, म्हणजे पाण्याचा खंदक होईल. दोन्ही युद्धनौका मोकळ्या करा. प्रत्येकीवर १२ इंची १२ तोफा होत्या, पण दोघी शेजारी शेजारी गोठलेल्या, एकमेकींच्या माऱ्याच्या आड येणाऱ्या.

समिती नाही म्हणते. आपण हल्लेखोर नाही, आपण बोलतो आहोत, पेत्रोग्राडचे कामगार ऐकतील. पहिला गोळा आपल्याकडून जाणार नाही.

लष्करी हिशेबाने सल्ला बरोबर होता, आणि समितीला तो कळलाच नाही असे मानणे अन्यायाचे होईल. माजी झारशाही सेनापतीच्या सांगण्यावरून मुख्य भूमीवर चालून गेले असते, तर फर्मानातला आरोप त्यांनी स्वतःच खरा केला असता. दोन वाटांतली एक हरण्याची होती आणि दुसरी बदलून जाण्याची. त्यांनी पहिली धरली.

त्या दिवसापासून बेटावर ‘इझ्वेस्तिया’ हे दैनिक निघू लागते. त्याचे १४ अंक निघणार होते.

५ मार्च, शनिवार.

मिखाइल तुखाचेव्हस्कीकडे सरकारच्या सातव्या सैन्याची सूत्रे जातात. ट्रॉट्स्की निर्वाणीचा इशारा देतो की विनाशर्त शरण या. पेत्रोग्राडच्या संरक्षण समितीची पत्रके विमानातून बेटावर पडतात. हट्ट धराल तर तित्तिरांसारखे टिपले जाल, असा त्यांतला मजकूर आहे. शहरात खलाशांच्या बायकामुलांना, नातेवाइकांना ओलीस म्हणून पकडले गेले आहे. बेटावर कुझमिन आणि इतर अटकेतले कम्युनिस्ट जिवंत आहेत. शेवटपर्यंत त्यांतल्या एकालाही गोळी घातली गेली नाही.

पेत्रोग्राडमध्ये याच दिवशी चार जण झिनोव्हिएव्हला एक पत्र लिहितात. अलेक्झांडर बर्कमन, एमा गोल्डमन, पेर्कुस आणि पेत्रोव्हस्की. चौघेही अराज्यवादी. बर्कमन आणि गोल्डमन यांना अमेरिकेने डिसेंबर १९१९ मध्ये २४७ जणांसोबत जहाजात घालून हद्दपार केले होते, आणि क्रांतीच्या देशात आलो म्हणून ते आनंदाने उतरले होते. वर्षभर बरेच काही पाहून ते गप्प राहिले होते. आता गप्प बसणे अशक्य आहे, असे ते पत्रात म्हणतात. भूक आणि थंडीने लोकांना रस्त्यावर आणले आहे, गाऱ्हाणे मांडायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. बळाने हे मिटणार नाही, उलट क्रांतीच्या शत्रूंचे फावेल. उपाय एकच वाक्यात आहे: पाच जणांचे मंडळ नेमा, त्यात दोन अराज्यवादी घ्या, त्यांना क्रोनश्टाटला पाठवा.

पाच माणसे आणि बर्फावरचा काही तासांचा रस्ता. त्या आठवड्यात कोणी कोणाला सुचवलेला हा सगळ्यात स्वस्त उपाय होता. पत्राला उत्तर आले नाही.

६ मार्च, रविवार.

पेत्रोग्राड सोव्हिएत बिनतारी संदेशाने विचारते की पक्षातले आणि पक्षाबाहेरचे काही प्रतिनिधी बेटावर पाठवले तर चालतील का. समितीचे उत्तर ताठ आहे. तुमच्या पक्षाबाहेरच्यांवर आमचा विश्वास नाही. कारखान्यांत, तुकड्यांत, नौकांवर आमच्या माणसांसमोर निवडणूक घ्या, वर हवे तर १५ टक्के कम्युनिस्ट पाठवा. उत्तर आज संध्याकाळी ६ पर्यंत द्या.

६ वाजून जातात. शिष्टमंडळाचा विषय तिथेच संपतो. बेटावरून ‘या’ एवढेच उत्तर गेले असते तर काय झाले असते, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. किनाऱ्यावर तोफा लागतच होत्या.

७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६:४५.

सेस्ट्रोरेत्स्क आणि लिसी नोस इथल्या तोफा मारा सुरू करतात. क्रोनश्टाटचे किल्ले उत्तर देतात. बर्कमन नेव्हस्की रस्ता ओलांडत असताना त्याला दूरची गडगड ऐकू येते. अंधार आणि वादळ यांमुळे दोन्ही बाजू थांबतात.

८ मार्च, मंगळवार. पहाटेआधी.

हिमवादळात पहिला हल्ला होतो. पुढे पांढरे कपडे घातलेले छात्र, मागे पायदळ, त्यामागे मशीनगनवाली पथके, कोणी मागे फिरू नये म्हणून. तोफांनी बर्फ फुटतो आणि माणसे भोकांत पडून बुडतात. काही सैनिक पुढे जायला नकार देतात, काही बंडवाल्यांना जाऊन मिळतात. हल्ला मोडतो.

सकाळी क्रोनश्टाट बिनतारी यंत्रावरून जगभरच्या कामकरी स्त्रियांना महिला दिनाच्या शुभेच्छा पाठवते. मॉस्कोत कम्युनिस्ट पक्षाची दहावी परिषद सुरू होते.

बेटावर आता खात्री वाटते की आपण टिकू. ती खात्री सगळ्यात महाग पडणार होती.

१० मार्च, गुरुवार.

ट्रॉट्स्की पक्षाच्या पॉलिटब्युरोला कळवतो की क्रोनश्टाट घ्यायचे तर बर्फ वितळायच्या आत. आखात मोकळे झाले की बंडवाल्यांचा परदेशाशी संपर्क होईल. दोन आठवडे दोन्हीकडे सगळे एकाच गोष्टीकडे बघत होते, पण तारखांचा हिशेब लेखी मांडला तो एकाच बाजूने.

परिषदेचे ३०० हून अधिक प्रतिनिधी आघाडीवर निघतात. साशंक तुकड्या बदलल्या जातात, दूरच्या प्रांतांतून नव्या आणल्या जातात. बेटावर धान्य, कोळसा, दारूगोळा रोज कमी होतो. तेच सैनिक तेच पहारे झोपेविना देत आहेत. बेटाभोवतीचा बर्फ अजूनही अखंड आहे.

१५ मार्च, मंगळवार. मॉस्को.

लेनिन परिषदेपुढे नवा ठराव मांडतो. शेतकऱ्यांकडून धान्याची जप्ती बंद, त्याजागी ठरावीक कर, उरलेले शेतकऱ्याचे. ठराव मंजूर होतो. पेत्रोपाव्लोव्स्कवर १५ दिवसांपूर्वी झालेल्या ठरावातली शेतकऱ्यांची तक्रार निम्मीअधिक इथे मान्य झाली. याच परिषदेत लेनिन बोलून गेला की क्रोनश्टाटला क्रांतिविरोधी श्वेत सैन्य नको आणि आमची सत्ताही नको. म्हणजे आपलेच फर्मान निम्मे खोटे आहे, हे त्याला ठाऊक होते. कर दिला, मतदान दिले नाही.

१६ मार्च, बुधवार.

या एका दिवसाच्या नोंदी नीट लावून पाहाव्यात.

मॉस्कोत परिषद संपते. शेवटच्या ठरावांपैकी एक पक्षांतर्गत गटांवर बंदी घालणारा आहे.

लंडनमध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांच्यात व्यापार करार होतो. त्यातल्या एका अटीनुसार सोव्हिएत सरकार आशियातल्या लोकांना, विशेषतः हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानात, ब्रिटिशांविरुद्ध चिथावणार नाही. पाच महिन्यांपूर्वीच ताश्कंदमध्ये हिंदी क्रांतिकारकांनी कम्युनिस्ट पक्ष स्थापला होता आणि तिथे त्यांची लष्करी शाळा चालू होती. ती १९२१ मध्येच बंद झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे बर्लिनच्या हिंदी क्रांतिकारकांबरोबर मदत मागायला मॉस्कोला गेले तेही त्याच वर्षी, या करारानंतर. ताश्कंदच्या संस्थापकांपैकी एम. पी. टी. आचार्य पुढे अराज्यवादी झाले, १९३५ मध्ये मुंबईला परतले आणि १९५४ मध्ये तिथेच वारले. परक्या राज्याच्या मदतीने स्वातंत्र्य मिळत नाही, मालक बदलतो, हे ते सोव्हिएत राज्य आतून बघून आलेले असल्याने म्हणू शकत होते. ऐकणारे फार नव्हते. मुंबईत तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

दुपारी. दोन्ही किनाऱ्यांवरून क्रोनश्टाटवर तोफमारा सुरू होतो, तो अंधार पडेपर्यंत चालतो. दोन्ही युद्धनौकांना गोळे लागतात. ‘इझ्वेस्तिया’चा चौदावा अंक आज निघाला आहे. पंधरावा निघणार नाही.

किनाऱ्यावर सुमारे ५०,००० सैनिक तयार आहेत. बेटावर लढू शकणारे १५,००० च्या आसपास, मैलोगणती पसरलेल्या तटांवर विखुरलेले.

१७ मार्च, गुरुवार. पहाटे ३.

उत्तरेची तुकडी लिसी नोस आणि सेस्ट्रोरेत्स्कहून बर्फावर उतरते. पांढरे झगे, दाट धुके. बर्फावर पाणी साचू लागले आहे. काही ठिकाणी माणसे रांगत पुढे सरकतात.

पहाटे ४. दक्षिणेची तुकडी ओरानिएनबाउमहून निघते. ही कितीतरी मोठी.

पहाटे ५ च्या सुमारास पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाच्या किल्ल्यांवरचे झोत अचानक पेटतात. वरून आवाज येतो की गोळ्या झाडू नका, आम्ही तुमचेच आहोत, सोव्हिएत सत्तेच्याच बाजूचे. छात्र काटेरी तारांवर झेप घेतात.

उजाडेपर्यंत एक ब्रिगेड पेत्रोग्राड दरवाज्यातून गावात शिरते. निम्म्याहून जास्त माणसे ती वाटेवर गमावून आली आहे. दिवसभर गल्लीगल्लीत, खिडक्यांतून, छपरांवरून लढाई चालते.

दुपारी ४ च्या सुमारास क्रोनश्टाटवाले उलट हल्ला करतात आणि आत शिरलेल्यांना जवळजवळ पुन्हा बर्फावर ढकलतात. तेवढ्यात घोडदळ आणि पेत्रोग्राडचे स्वयंसेवक पोचतात. त्याच बर्फावरून तोफाही ओढून आणल्या जातात.

संध्याकाळी. समितीतले बहुतेक सदस्य, कोझलोव्हस्की आणि शेकडो माणसे बर्फावरून फिनलंडकडे निघतात. युद्धनौका उडवून द्यायचा हुकूम निघालेला असतो. उरलेले खलाशी तो मानत नाहीत, ते अधिकाऱ्यांनाच पकडतात.

मध्यरात्रीच्या सुमारास दोन्ही नौका शरण आल्याचा निरोप किनाऱ्यावर जातो.

१८ मार्च, शुक्रवार. दुपारपर्यंत शेवटचा प्रतिकार थांबतो.

एकूण सुमारे ८,००० माणसे फिनलंडला पोचली. हल्ला करणाऱ्या परिषद-प्रतिनिधींपैकी १५ मेले. उन्हाळ्यापर्यंत २,१०३ जणांना मृत्युदंड आणि ६,४५९ जणांना कैद सुनावली गेली. हे आकडे १९९० च्या दशकात दप्तरातून बाहेर आले. फिनलंडच्या सरकारने मॉस्कोला विनंती केली की बर्फावरची प्रेते उचला, नाहीतर वितळल्यावर ती आमच्या किनाऱ्याला लागतील.

पेत्रोग्राडमध्ये १८ मार्चला पॅरिस कम्यून या कामगार-उठावाचा ५० वा वर्धापनदिन साजरा झाला. बँड वाजले. कम्यूनची कत्तल करणाऱ्या तिएरचा निषेध झाला. बर्कमनने त्या दिवसाची नोंद डायरीत केली. डिसेंबरमध्ये तो आणि एमा गोल्डमन रशिया सोडून गेले.

३१ मार्च १९२१ रोजी दोन्ही युद्धनौकांची नावे बदलण्यात आली. पेत्रोपाव्लोव्स्कचे नाव ‘मारा’ झाले, फ्रेंच क्रांतीतल्या ज्याँ-पॉल माराच्या नावावरून. सेवास्तोपोलचे नाव ‘पॅरिस कम्यून’.